जर-तरचा इतिहास आणि वॉशिंग्टनचा नाविक करार

‘अमुक घडले नसते तर?’ हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावा की नाही, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. ई. एच. कार यांनी १९६१ मधील आपल्या व्याख्यानांत अशा प्रश्नांची संभावना दिवाणखान्यातील करमणूक म्हणून केली. उलट, एखाद्या घटनेला कारण म्हणावयाचे तर ती वगळल्यास पुढील क्रम कसा झाला असता याचा विचार केल्यावाचून गत्यंतर नाही, असे प्रतिपादन माक्स वेबर यांनी १९०६ मध्येच केले होते. वेबर यांची बाजू मान्य केली, तरी एक अट शिल्लक राहतेच. वगळलेल्या घटनेवर जे जे अवलंबून होते ते बदलले पाहिजे. जे अवलंबून नव्हते ते जागच्या जागी राहिले पाहिजे. ही अट पाळणे किती अवघड आहे, हे १९२२ च्या वॉशिंग्टन नाविक कराराच्या उदाहरणावरून चांगले दिसून येते. दोन महायुद्धांमधील आरमारांचा पर्यायी इतिहास रचणारे लेखक इंग्रजीत पुष्कळ आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या चित्रात करार नाहीसा होताच कागदावरची प्रत्येक नौका समुद्रात उतरते.

प्रथम करार काय होता ते पाहावे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स एव्हान्स ह्यूज यांनी १२ नोव्हेंबर १९२१ रोजी परिषदेच्या पहिल्याच बैठकीत तीन मोठ्या राष्ट्रांच्या मिळून ६६ नौका मोडीत काढण्याची सूचना मांडून सर्वांस चकित केले. ६ फेब्रुवारी १९२२ रोजी करारावर सह्या झाल्या. (हिंदुस्थानच्या वतीने सही करणारे श्रीनिवास शास्त्री हे गोखल्यांच्या पश्चात पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झालेले गृहस्थ होते, अर्थात या वाटाघाटींत हिंदुस्थानचे म्हणून वेगळे आरमार नव्हतेच.) रणनौकांचा एकूण टनभार अमेरिका व ब्रिटन यांना प्रत्येकी ५,२५,०००, जपानला ३,१५,००० आणि फ्रान्स व इटली यांना प्रत्येकी १,७५,००० टन ठरला. एका नौकेची मर्यादा ३५,००० टन व तोफांची १६ इंच ठरली, आणि काही अपवाद सोडता दहा वर्षे नवी रणनौका बांधावयाची नाही असे ठरले. ‘रणनौका’ या शब्दात येथे बॅटलशिप आणि बॅटलक्रूझर हे दोन्ही प्रकार अभिप्रेत आहेत.

जपानी आरमारातील एका प्रबळ गटाने या प्रमाणास राष्ट्रीय अपमान मानले. अमेरिकेच्या शेकडा ७० इतके बळ असल्याखेरीज जपानचे संरक्षण होऊ शकत नाही, असे या गटाचे मुख्य प्रवक्ते व शिष्टमंडळाचे नाविक सल्लागार कातो कान्जी यांचे मत होते. पदरात पडले ते शेकडा ६०. करार झाला नसता तर जपानला हे ७० टक्के मिळाले असते, हे गृहीत या तक्रारीच्या मुळाशी आहे. ते तपासून पाहता येते.

कल्पना करावी की करार झाला नाही, आणि १९२१ अखेर ज्या नौकांचा तळ घातला गेला होता तेवढ्याच दोन्ही राष्ट्रांनी पुऱ्या केल्या. अमेरिकेच्या १६ इंची तोफांच्या नौका सोळा झाल्या असत्या: मेरीलँड व तिच्या तीन भगिनी, साउथ डकोटा वर्गाच्या सहा आणि लेक्सिंग्टन वर्गाच्या सहा. जपानच्या झाल्या असत्या आठ: नागातो, मुत्सु, कागा, तोसा, अमागी, अकागी, अतागो व ताकाओ. यांत १४ इंची तोफांच्या आधीच्या नौका, म्हणजे अमेरिकेच्या अकरा व जपानच्या आठ, मिळवल्या की २७ विरुद्ध १६ असा हिशेब येतो. हे प्रमाण शेकडा ५९ पडते. आता कराराने प्रत्यक्षात काय दिले? अमेरिकेकडे १६ इंची तीन राहिल्या, जपानकडे दोन. १४ इंची धरून १४ विरुद्ध १०. हे प्रमाण शेकडा ७१ होते. अमेरिकेच्या उरलेल्या चार नौका १२ इंची तोफांच्या, जुन्या होत्या. टनभाराच्या कोष्टकात त्या मोजल्या जात असल्या, तरी नागातोसमोर त्यांना कोणी उभे केले नसते. सारांश, आधुनिक नौकांपुरते पाहिल्यास कातो कान्जी यांनी मागितलेले प्रमाण त्यांना नकोशा वाटणाऱ्या करारानेच दिले होते.

या गणितावर एक रास्त आक्षेप आहे. अमेरिकेने सोळाही नौका पुऱ्या केल्या असत्या हे कशावरून? सिनेटर बोरा यांनी नाविक खर्चाच्या कपातीसाठी डिसेंबर १९२० मध्येच ठराव आणला होता. साउथ डकोटा वर्गाच्या सहा नौकांपैकी एकीचेही काम शेकडा चाळीसपर्यंत पोचले नव्हते. काँग्रेसने सहा बॅटलक्रूझर तेवढ्या रद्द केल्या असत्या, तर हिशेब २१ विरुद्ध १६, म्हणजे शेकडा ७६ झाला असता आणि कातो कान्जी यांचे म्हणणे खरे ठरले असते. तेव्हा या पर्यायी इतिहासाची खरी कळ अमेरिकन काँग्रेसच्या तिजोरीत होती. काँग्रेस पैसा देणार नाही या भरवशावर पैज लावावी काय, हा जपानपुढील प्रश्न होता. शिष्टमंडळाचे प्रमुख व नौदलमंत्री कातो तोमोसाबुरो यांनी ती पैज नाकारली, कारण ‘आठ-आठ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोळा नौकांच्या कार्यक्रमापायी आरमाराचा खर्च राष्ट्राच्या अर्थसंकल्पाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गेला होता. त्यांचा निर्णय शहाणपणाचा होता असेच म्हणावे लागते. (तोक्योहून त्यांना आलेल्या सांकेतिक तारा हर्बर्ट यार्डली यांचे अमेरिकन पथक वाचत होते आणि जपान अखेरीस ६० टक्क्यांवर येईल हे ह्यूज यांना ठाऊक होते. ही गोष्ट यार्डली यांनी १९३१ मध्ये पुस्तक लिहून जगजाहीर केली. तक्रारीला त्यामुळे अधिकच धार आली.)

पैशाच्या जोडीला निसर्गही होता. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात योकोसुका येथील गोदीत अमागीचा सांगाडा मोडून निकामी झाला. पर्यायी इतिहासाचे लेखक करार वगळतात आणि तरीही अमागीला याच भूकंपात बुडवतात. येथे आरंभी सांगितलेली अट मोडते. मूळ कार्यक्रमानुसार अमागी १९२३ अखेर तयार व्हावयाची होती. कराराने तिचे काम थांबले नसते, तर भूकंपाच्या दिवशी ती गोदीत नव्हे, पाण्यावर असण्याचा संभव अधिक. मात्र तोक्यो व योकोहामा यांच्या पुनर्बांधणीचा खर्च कराराशी निगडित नव्हता. तो दोन्ही इतिहासांत सारखाच येतो आणि ‘आठ-आठ’ कार्यक्रमाच्या उरलेल्या आठ नौकांवर बहुधा पाणी सोडावयास लावतो.

ज्या गोष्टीत करारामुळे खरोखर फरक पडला ती रणनौका नव्हेच. रद्द झालेल्या नौकांपैकी दोन सांगाडे प्रत्येकी ३३,००० टनांपर्यंतच्या विमानवाहू नौकांत रूपांतरित करण्याची मुभा करारात होती. तिच्यामुळे अमेरिकेला लेक्सिंग्टन व साराटोगा मिळाल्या. जपानला अकागी आणि निकामी झालेल्या अमागीच्या जागी कागा मिळाली. करार नसता तर हे चारही सांगाडे तोफा वाहणार होते. तेव्हाच्या विमानवाहू नौका, जपानची होशो व अमेरिकेची लँग्ले, लहान व मंदगती होत्या. जानेवारी १९२९ च्या सरावात साराटोगाच्या विमानांनी पनामा कालव्यावर लुटुपुटीचा हल्ला करून मोठ्या वाहू नौकेचे सामर्थ्य दाखविले. नाविक विमानदल करारावाचूनही वाढलेच असते; पण एवढ्या मोठ्या तळांवरचा एवढा अनुभव इतक्या लवकर गाठी पडला नसता.

ब्रिटनच्या बाबतीत चर्चा बहुधा हूड या नौकेपाशी येऊन थांबते. ऑक्टोबर १९२१ मध्ये मागणी नोंदविलेल्या सुमारे ४८,००० टनांच्या चार बॅटलक्रूझर रद्द झाल्या नसत्या, तर २४ मे १९४१ रोजी बिस्मार्कसमोर जुन्या हूडला जावे लागले नसते, असा युक्तिवाद केला जातो. तो मोहक आहे, पण अपुरा आहे. बिस्मार्कचा जन्मच मुळी १९३५ च्या आंग्ल-जर्मन नाविक समझोत्याच्या चौकटीत झाला. ब्रिटनकडे मोठ्या नौका असत्या तर जर्मनीने तीच नौका बांधली असती असे मानण्यास आधार नाही. ब्रिटनचे नुकसान अधिक खोल व कमी नाट्यमय होते. दहा वर्षांचा खंड लंडनच्या १९३० च्या कराराने १९३६ पर्यंत लांबला. त्या काळात जाड चिलखत व मोठ्या तोफा घडविणारे कारखाने आणि कसबी कामगार रोडावले. १९३८ च्या सुमारास चिलखती पत्रे चेकोस्लोव्हाकियातून आणण्याची पाळी आली. त्याचा दोष मात्र एकट्या कराराच्या माथी मारता येत नाही. दहा वर्षे मोठे युद्ध होणार नाही हे गृहीत ब्रिटिश मंत्रिमंडळाने करारापूर्वी, ऑगस्ट १९१९ मध्येच स्वीकारले होते.

जपानमध्ये शेकडा ६० चे शल्य आकडेमोडीने निघण्यासारखे नव्हते. लंडनचा करार स्वीकारणारे पंतप्रधान हामागुची यांच्यावर नोव्हेंबर १९३० मध्ये तोक्यो स्थानकात गोळी झाडण्यात आली आणि त्या जखमेने ते पुढील वर्षी वारले. मे १९३२ मध्ये तरुण नाविक अधिकाऱ्यांच्या टोळीने पंतप्रधान इनुकाई यांचा खून केला. डिसेंबर १९३४ मध्ये जपानने वॉशिंग्टन करार संपविण्याची सूचना दिली, आणि १९३६ च्या अखेरीस तो संपला.

येथून पुढे कल्पनेची गरज उरत नाही. करारावाचूनची शर्यत प्रत्यक्षातच सुरू झाली. पनामा कालव्याच्या ११० फुटी दरवाजांतून जाऊ शकेल त्याहून रुंद नौका अमेरिका बांधणार नाही, हे हेरून जपानने नोव्हेंबर १९३७ मध्ये १८ इंची तोफांच्या यामातोचा तळ घातला. संख्येत हरणाऱ्याने आकारात जिंकावे, असा तो डाव होता. जुलै १९४० मध्ये अमेरिकन काँग्रेसने एकाच कायद्याने आपले आरमार सुमारे शेकडा ७० नी वाढविण्यास मंजुरी दिली. १९४१ ते १९४४ या चार वर्षांत अमेरिकेच्या दहा नव्या रणनौका सेवेत दाखल झाल्या. जपानच्या झाल्या दोन, यामातो आणि मुसाशी. तिसरी शिनानो मिडवेच्या पराभवानंतर विमानवाहू नौका म्हणून पुरी करण्यात आली आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये, एकही लढाई न पाहता, अमेरिकन पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली.