आजी मूळची कुठली?

रमजानमध्ये दुपारचा तास घेणे जरा जड जाते. घसा कोरडा पडतो आणि इतिहास शिकवणाऱ्याला बोलल्याशिवाय गत्यंतर नसते. म्हणून यंदा मुलांनाच बोलते करायचे ठरवले. धडा स्थलांतराचा होता. विचारले, ‘तुमचे घराणे मूळचे कुठले?’

‘मॅडम, आम्ही इथलेच,’ बहुतेकांचे उत्तर ठरलेले. मग विचारले, ‘आईची आई कुठली?’ आता वर्गात चुळबुळ सुरू झाली. एकाची आजी खानदेशातली. घरी अजून कळण्याची भाकरी होते. एकाची आजी १९७२ च्या दुष्काळात बीडकडून खडी फोडायला आली, ती इथलीच झाली. एकीची नानी मालेगावची, विणकराच्या घरातली.

आपण घराणे सांगतो ते वडिलांकडून. म्हणून ‘इथलेच’ म्हणणे सोपे जाते. जनगणनेत मात्र स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न हेच दिसते. प्रत्येक घरात कोणीतरी बाहेरून आलेले असते, आणि बहुधा तीच घरचा स्वयंपाक करत असते.

शहराचेही तसेच आहे. १६१० मध्ये खडकी वसवणारा मलिक अंबर हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला. त्यानेच नहर खोदून या शहराला पाणी दिले. जयसिंगपुरा, करणपुरा ही नावे मोगल फौजेतल्या रजपूत सरदारांची. पाणचक्कीचे बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडचे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे महाविद्यालय काढले आणि खेड्यापाड्यांतली मुले शिकायला आली. पुढे चिकलठाणा, वाळूजचे कारखाने आले आणि त्यांच्यामागे कामगार.

सर्वांना एकेक पान लिहून आणायला सांगितले. एका मुलीने कोरे पान दिले. तास संपल्यावर हळूच म्हणाली, ‘मॅडम, हा कागद पुढे कुठे जाणार?’

मी गप्प झाले. ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न हल्ली प्रत्येकाच्या कानावर सारखा पडत नाही, हे मला आधी सुचायला हवे होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पाने परत केली आणि स्वतःची गोष्ट सांगितली : माहेर परभणीचे, वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन पडेगावला आले, तेव्हा छावणीच्या पुढे दौलताबाद रस्त्याला शेतेच जास्त होती. त्या मुलीने शेवटपर्यंत लिहिले नाही. पण दोन दिवसांनी व्हरांड्यात थांबून तिने आजीची सगळी हकिकत सांगितली. मी ती इथे लिहिणार नाही.

त्या संध्याकाळी लक्षात आले, की वर्गभर विचारलेला प्रश्न मी घरात कधी विचारलाच नव्हता. इफ्तारसाठी भजी तळता तळता सासूबाईंना म्हटले, ‘अम्मी, जालन्याहून इथे आलात तेव्हा कसे वाटले?’

त्या खजूर निवडत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘इदर का पानी मेरेकू बरस भर नै भाया.’

वर्षभर पाणी रुचले नाही, आणि कोणाला कळलेही नाही. विचारले कोणी होते? तेवढ्यात अजान झाली. त्यांनी खजूर तोंडात टाकला आणि पडेगावच्या पाण्याचा पेला ओठांना लावला.

वाचकहो, आज तुमच्याही घरी विचारून पाहा. रोजा असो वा नसो.