सुरुंग की भूकंप?

जोहरच्या सुमारास तावदाने थरथरली की बारामती-इंदापूरकडे आम्ही म्हणतो, 'खडीच्या खाणीत सुरुंग उडाला.' पण दरवेळी तसेच असेल का?

भूकंपमापकावर फरक कळतो. सुरुंग जमिनीला चहूकडे बाहेर ढकलतो. त्यामुळे पहिला धक्का बहुधा सर्व केंद्रांवर वरच्या दिशेने उमटतो आणि मागून येणारी आडवी लाट कमजोर असते. भूकंपात खडक एकमेकांवरून घसरतात. पहिला धक्का कुठे वर, कुठे खाली, आडवी लाट मात्र जोरदार.

सुरुंग सहसा दिवसाच उडवतात. म्हणून रात्रीचा हादरा हलक्यात घेऊ नये. किल्लारीत १९९२ पासून लहान हादरे जाणवत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे घरे कोसळली.

मुलांना आम्ही सांगतो, हादरा बसला की आधी घराबाहेर मोकळ्यावर या, मग वेळ लिहून ठेवा.