नेत्रगतीवरून अवधानाचे मापन

दृश्य पाहताना आपली नजर अखंड सरकत नाही. ती एका बिंदूवर साधारणतः २०० ते ३०० मिलिसेकंद स्थिरावते आणि झेप घेऊन दुसरीकडे जाते. नेत्रगती नोंदवणारे आधुनिक यंत्र डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकते आणि बाहुलीचे केंद्र व पारपटलावरील परावर्तन यांच्या सापेक्ष स्थानावरून नजरेची दिशा ठरवते.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी रेपिनचे एकच चित्र एकाच व्यक्तीला निरनिराळे प्रश्न विचारून दाखवले. चित्रातील माणसांच्या वयाविषयी विचारताच नजर चेहऱ्यांवर खिळली. आर्थिक स्थितीविषयी विचारताच ती वस्त्रे व सामानाकडे वळली. म्हणजेच नजरेचा मार्ग पाहणाऱ्याच्या हेतूनुसार बदलतो. मात्र डोळे न हलवताही अवधान अन्यत्र वळवता येते. म्हणून नजरेची नोंद हा अवधानाचा पुरावा होय, प्रत्यक्ष अवधान नव्हे, हे ध्यानात घ्यावे.