‘पगार’ या शब्दाचा लॅटिन वंश

इचलकरंजीला खेटून असलेल्या हातकणंगले तालुक्यातील कबनूरमध्ये यंत्रमागावरील कामाचा मोबदला कापडाच्या मीटरवर आणि त्यातील पिकांवर, म्हणजे इंचामागे बसणाऱ्या आडव्या धाग्यांवर, ठरतो. म्हणून दर वाढवून मागताना ‘मजुरीवाढ’ हा शब्द येतो, पण हातात पडलेली रक्कम ‘पगार’च म्हटली जाते. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, त्याआधीच हा शब्द मराठीत रुळला होता.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई त्यांच्याकडे राहिली. या सहवासातून चावी, घमेले, तुरुंग यांच्याबरोबर ‘पगार’ही मराठीत आला. पोर्तुगीजमध्ये ते ‘पैसे चुकते करणे’ या अर्थाचे क्रियापद आहे, मराठीने त्याचे नाम केले आणि वेतन, तनखा, मुशाहिरा हे जुने शब्द बोलण्यातून मागे सारले.

या क्रियापदाचे मूळ लॅटिन ‘पाकारे’ हे असून ते ‘पाक्स’ म्हणजे तह किंवा शांतता या नामापासून बनले आहे. लॅटिनपासून उपजलेल्या, म्हणजे रोमान्स, भाषांपैकी स्पॅनिशमध्ये ‘पगार’ व इटालियनमध्ये ‘पगारे’ असा त्यातील ‘क’चा ‘ग’ झाला, जसा मराठीत ‘प्रकट’चा ‘प्रगट’ होतो; फ्रेंचमध्ये मात्र, ‘कोकिळ’चा ‘कोयल’ व्हावा तसा, तो लोपून ‘पेये’ उरले. त्यातूनच इंग्रजी ‘पे’ आला असल्याने ‘पगाराची पे-स्लिप’ म्हणणारा मनुष्य नकळत एकच लॅटिन शब्द दोनदा उच्चारतो.

खरे कुतूहल अर्थाचे आहे. रोमन सेनानी जिंकलेल्या मुलखाला वठणीवर आणत, त्या कृतीला ‘पाकारे’ म्हणत; उत्तरकालीन लॅटिनमध्ये मात्र शांत करावयाचा तो शत्रू जाऊन त्याच्या जागी तगादा लावणारा सावकार आला आणि त्याला शांत करणे म्हणजे त्याचे पैसे देणे, असा अर्थ स्थिरावला. हे वळण मराठीला परके नाही, कारण तहान भागवली जाते तशीच थकलेली देणीही भागवली जातात, आणि दोन्हीकडे कल्पना एकच आहे, मागणाऱ्याची तृप्ती. रोमानियन भाषा मात्र या वाटेने गेली नाही: पैसे देण्यासाठी तिने स्लाव्ह कुळातला शब्द घेतला, आणि ‘पाक्स’पासून आलेले तिचे ‘इंपका’ हे क्रियापद आजही भांडण मिटवण्यासाठीच वापरले जाते.