टेंडर, टक्का आणि दाखला

केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षभराच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे २०१२चे खरेदी धोरण सांगते. आधी हा आकडा २० होता, २०१८मध्ये वाढला. त्यातच अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा वाटा ४ टक्के, महिलांचा ३.

यासाठी ‘उद्यम’ नोंदणी लागते. ती ऑनलाइन आणि मोफत; तरी एजंटाचे खिसे भरणारे भेटतातच! ४ टक्क्यांच्या वाट्यासाठी मात्र, भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर किमान ५१ टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातींतील मालकांचा हवा.

फायदा रोकडा आहे. टेंडर फॉर्म फुकट, अनामत माफ. समजा, मोठ्या कंपनीचा दर सर्वांत कमी, १०० रुपये, लघुउद्योजकाचा ११५. तो १००वर उतरायला तयार झाला आणि ऑर्डर विभागण्याजोगी असली, तर किमान चौथा हिस्सा त्याला मिळू शकतो. अर्थात, त्या शंभरात परवडायलाही हवे.

निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना ही सवलत नाही.

अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांच्या पाठीशी संस्थाही आहेत. दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना पुण्यात २००५मध्ये स्थापन झाली, म्हणजे या धोरणाच्या सात वर्षे आधी. दाखल्यापासून टेंडरपर्यंत मदत करणारे केंद्राचे राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब २०१६मध्ये लुधियानात सुरू झाले.