विद्युत वाहनांतील गिअर

विद्युत वाहनांतील गिअर म्हणजे विद्युत मोटरचे फेरे कमी करून तिचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढवणारी व तो चाकांपर्यंत पोहोचवणारी दंतचक्रांची रचना होय. बहुतेक विद्युत मोटारगाड्यांत या रचनेचा एकच ठरावीक टप्पा असतो. त्यामुळे 'या गाड्यांना गिअर नसतात' असे म्हटले जाते. प्रत्यक्षात गिअर असतो, पण तो बदलावा लागत नाही.

एंजिन व मोटर यांतील फरक

अंतर्ज्वलन एंजिन थांबलेल्या स्थितीतून भार ओढू शकत नाही. ते सतत किमान वेगाने फिरते ठेवावे लागते आणि त्याचा पुरेसा टॉर्क फेऱ्यांच्या मर्यादित पट्ट्यातच मिळतो. क्लच आणि अनेक गिअर ही या उणिवेवरील योजना आहे. विद्युत मोटर मात्र शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क देते. ठरावीक वेगापुढे तिचा टॉर्क घटू लागतो, तरी शक्ती बऱ्याच अंशी टिकून राहते.

उदाहरण

चाकाचा परीघ २ मीटर मानल्यास ताशी १२० किमी वेगाला चाक मिनिटाला १,००० फेरे घेते. गिअरचे प्रमाण ९:१ असल्यास मोटरला ९,००० फेरे घ्यावे लागतात. गाडीच्या मोटरला हे सहज शक्य असते. नेहमीच्या पेट्रोल एंजिनाला नाही. मागे जाण्यासाठी मोटर उलट फिरवली जाते, म्हणून वेगळा रिव्हर्स गिअरही लागत नाही.

एकाहून अधिक गिअर

टेस्ला रोडस्टर (२००८) या गाडीसाठी आधी दोन टप्प्यांची गिअरपेटी योजली होती; ती पुरेशी टिकाऊ न ठरल्याने एकच टप्पा स्वीकारण्यात आला. याउलट पोर्शे टायकान (२०१९) या गाडीच्या मागील आसावर दोन टप्पे आहेत. पहिला जोरदार सुरुवातीसाठी, तर दुसरा अतिवेगात मोटरचे फेरे आटोक्यात ठेवण्यासाठी उपयोगी पडतो. व्होल्वोच्या काही अवजड विद्युत मालट्रकांत १२ टप्प्यांची गिअरपेटी वापरली जाते, कारण भरलेल्या ट्रकला चढावर मोठा टॉर्क आणि महामार्गावर वेग, दोन्ही हवे असतात. वाढीव गिअरपेटीमुळे वजन, खर्च व देखभाल मात्र वाढते.

घाट उतरताना

घाट उतरताना खालचा गिअर टाकून एंजिनाच्या अवरोधाने वेग रोखावा, हा नियम विद्युत गाडीला जसाच्या तसा लागू होत नाही. तेथे मोटरच जनित्राप्रमाणे काम करून वेग कमी करते आणि मिळालेली वीज बॅटरीत साठवते. बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास हा अवरोध कमी मिळू शकतो व साध्या ब्रेकवरील भार वाढतो. म्हणून घाटमाथ्यावरून निघताना बॅटरीत थोडी जागा शिल्लक ठेवणे हिताचे असते.

सारांश

अनेक गिअर ही चाकांची नव्हे, तर एंजिनाची गरज आहे. विद्युत वाहनाला ते तेव्हाच लागतात, जेव्हा अपेक्षित वेग व भार यांचा आवाका एका टप्प्यात मावत नाही.