परसबागेतली मिरची : आधी पान वाचा, मग पाणी घाला



परिसर अभ्यासात बी कसं रुजतं हे दाखवायला आपण मटकी किंवा वाल भिजवतो. चार दिवसांत कोंब येतो, वहीत चित्र काढून होतं आणि विषय संपतो. फूल आणि फळ मुलांना दिसतच नाही. त्यासाठी मिरची लावून बघा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर बी टाकलं, तर साधारण दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास हिरव्या मिरच्या तोडता येतात.

लावायची कशी?

1. कुंडीत माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. तळाला भोक हवंच.
2. बी अर्धा सेंटीमीटर खोल टाका. 8 ते 10 दिवसांत उगवतं. घरातल्या वाळलेल्या लाल मिरचीचं बीही बऱ्याचदा रुजतं. पण ती संकरित असेल तर फळ तसंच येईल असं नाही.
3. 35 ते 40 दिवसांनी, रोप वीतभर झालं की 10-12 इंची कुंडीत किंवा वाफ्यात लावा. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेवा.
4. रोज निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा.

पाणी किती?

घरची मिरची बरेचदा लाडानेच मरते. पान मलूल दिसलं की आपण तांब्याभर पाणी ओततो. पण मुळाशी पाणी साचलं की मुळं कुजतात आणि तेव्हाही पान मलूलच दिसतं! म्हणून मुलांना एक सवय लावा : बोट पेरभर मातीत घालायचं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. युरियाचंही तसंच. जास्त झाला तर पाला फोफावतो आणि फुलं कमी लागतात.

पान काय सांगतं?

पान चुरडलं की आपण सरसकट 'बोकड्या आला' म्हणतो. पण नीट बघा.

- कडा वरच्या बाजूला वळल्या : बहुधा फुलकिडे.
- कडा खाली वळल्या : बहुधा कोळी.
- पानं बारीक, गोळा झालेली आणि रोप खुजं राहिलं : विषाणू. तो पांढरी माशी पसरवते. यावर औषध नाही. ते रोप उपटून टाका, म्हणजे बाकीची वाचतील.

मुलं ज्या रोपाला हात लावणार, ज्याची मिरची पोषण आहाराच्या भाजीत पडणार, त्यावर दुकानातलं कीटकनाशक नको. 50 ग्रॅम निंबोळी पावडर 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारा. शेजारी पिवळे चिकट सापळे लावा. फवारणी मोठ्यांनीच करायची.

उन्हाळी मिरचीची फुलं गळतात, तेव्हा मुलं हिरमुसतात. पारा 35 अंशांच्या वर गेला की असं होतं. दुपारी थोडी सावली करा.

मिरची तोडताना

मुलांना विचारा, "तिखटपणा कुठे असतो?" बहुतेक जण 'बियांत' म्हणतील. खरं तर बिया ज्या पांढऱ्या गरावर चिकटलेल्या असतात, तिथे कॅप्सेसिन तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून तोंड भाजल्यावर पाण्यापेक्षा दूध किंवा दही कामाला येतं. पक्ष्यांना मात्र हा तिखटपणा जाणवत नाही. पोपट आरामात मिरची खातो आणि बी दूरवर पसरतं. आणखी एक गंमत : आपल्या ठेच्यातली ही मिरची मूळची अमेरिका खंडातली. ती पोर्तुगीजांमुळे सोळाव्या शतकात भारतात आली.

मिरची हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे आणि डोळ्यांना लावायचे नाहीत, हे मात्र आधीच सांगा.

प्रत्येक गटाला एक रोप द्या आणि आठवड्याला एक नोंद ठेवायला सांगा : उंची, पानं, फुलं, पान कुठे वळलंय. एखादं रोप मेलं तर गुपचूप बदलू नका. ते का गेलं असेल, हे मुलांनाच वहीतल्या नोंदींवरून शोधू द्या. कारण शोधायची ही सवय त्यांना पुढे गणितातही उपयोगी पडेल.